बेरजेची ओळ: बिघडलेली फाइल पुन्हा कशी जुळते

मागच्या भागात आपण कॉम्प्रेशनबद्दल बोललो होतो. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता: "झिप उघडताना सीआरसी एरर आली, आता पुढे काय?" बहुतेक वेळा याचं खरं उत्तर "आता काही नाही" असंच असतं. पण फाइल चांगली असताना दहा मिनिटं खर्च केली असतील, तर उत्तर बदलतं. हा भाग त्या दहा मिनिटांबद्दल आहे. ऑडिओत मी आकडे भराभर वाचून गेलोय, इथे ते सावकाश लिहून देतो.

आधी रोज डोळ्यांसमोर असलेलं एक उदाहरण घेऊ. खराडीत ईऑन आयटी पार्कच्या बाहेर चहा-वडापावच्या गाड्यांवर यूपीआयचे क्यूआर कोड लटकलेले असतात. त्यांच्यावर तेलाचे डाग असतात, मध्येच ओरखडा असतो, कुठे प्लॅस्टिक सुटून पावसाचं पाणी आत गेलेलं असतं. तरी आपण फोन धरतो आणि पैसे जातात. कॅमेरा भारी आहे म्हणून हे होतं असं नाही. कोड छापतानाच त्यात जादा माहिती भरलेली असते. क्यूआरच्या चार पातळ्या आहेत. त्यांत साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने हा कोड काढला तो गाड्यांच्या सुट्या भागांवर लावण्यासाठी. कारखान्यात तेल-ग्रीस लागणार हे त्यांनी धरलंच होतं. (कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन मात्र या संरक्षणाच्या बाहेर आहेत. तिथला कागद फाटला तर फोनला कोड कुठे आहे हेच कळत नाही. चहावाल्या मित्राला हे जरूर सांगा.)

आपल्या फाइलींमध्ये अशी जादा माहिती नसते. झिपमध्ये प्रत्येक फाइलमागे ३२ बिटांचा एक सीआरसी असतो. तो फक्त "काहीतरी बदललंय" एवढं सांगतो. कुठे बदललं, मूळ काय होतं, हे त्याला माहीत नाही. सेव्हन-झिपचंही तेच. उलट तिथे बऱ्याचदा अनेक फाइली एकत्र दाबल्या जातात, त्यामुळे एका जागी दोन-चार बाइट बिघडले की तिथून पुढचं सगळं हाती लागत नाही. जितकं घट्ट दाबाल तितका एका बिघाडाचा फटका मोठा.

आता गणित. घाबरू नका, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वहीएवढंच आहे. पाच फ्लॅट आहेत. त्यांनी भरलेली रक्कम अशी: पहिल्याने ३,२००, दुसऱ्याने २,६००, तिसऱ्याने ३,५००, चौथ्याने ३,००० आणि पाचव्याने ३,१००. खाली बेरीज १५,४००. वहीवर चहा सांडला आणि दुसऱ्या फ्लॅटचा आकडा पुसला गेला. उरलेल्या चौघांची बेरीज १२,८००. ती १५,४०० मधून वजा केली की २,६०० परत आले. झाली दुरुस्ती. बेरजेची ती एक ओळ म्हणजे पॅरिटी. पाच आकड्यांच्या संरक्षणासाठी आपण एकच जादा आकडा ठेवला आणि पाचांपैकी कुठलाही एक गेला तरी तो परत आणू शकलो. पूर्ण वहीची झेरॉक्स काढायची गरज पडली नाही.

दोन आकडे पुसले गेले तर? एका बेरजेवरून दोन अज्ञात निघत नाहीत, हे आठवीतलं. म्हणून दुसरी बेरीज ठेवायची, पण वेगळ्या पद्धतीची. प्रत्येक रकमेला फ्लॅटच्या क्रमांकाने गुणायचं आणि मग मिळवायचं: ३,२०० अधिक ५,२०० अधिक १०,५०० अधिक १२,००० अधिक १५,५००, म्हणजे ४६,४००. आता दुसरा आणि चौथा, दोन्ही आकडे गेले असं धरा. साध्या बेरजेवरून कळतं की दोघांचे मिळून ५,६०० होते. दुसऱ्या बेरजेवरून कळतं की दुसऱ्याची दुप्पट अधिक चौथ्याची चौपट म्हणजे १७,२००. दोन समीकरणं, दोन अज्ञात. सोडवलं की दुसरा २,६०० आणि चौथा ३,०००.

इथपर्यंत कुठला आकडा गेला ते आपल्याला दिसत होतं, कारण तिथे चहाचा डाग होता. खरी गंमत डाग दिसत नाही तेव्हा आहे. समजा कुणीतरी वही उतरवून घेताना तिसऱ्या फ्लॅटचे ३,५०० चुकून ५,३०० लिहिले. अक्षर स्वच्छ, खाडाखोड नाही. साधी बेरीज १,८०० ने जास्त येते. म्हणजे चूक आहे एवढं कळलं, पण कुणाच्या नावावर? आता दुसरी बेरीज करा. ती ५,४०० ने जास्त येते. ५,४०० भागिले १,८०० बरोबर ३. तिसरा फ्लॅट! मात्र हिशोब नीट बघा. चूक एकच होती, पण जागा माहीत नसल्यामुळे दोन जादा आकडे खर्च झाले. जागा माहीत असती तर एकातच काम झालं असतं. हा दोनास एक भाव पुढे महत्त्वाचा आहे.

अशा जादा बेरजा हव्या तितक्या वाढवता येतात. त्याची पक्की पद्धत १९६० साली आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या दोघांनी मांडली. सीडीवर ओरखडा पडूनही गाणं अडत नाही ते त्यामुळेच, आणि क्यूआरमध्येही तेच गणित आहे. आपल्या वहीतल्या बेरजा मोठ्या होत जातात, कॉम्प्युटरला ते परवडत नाही. म्हणून तिथे मर्यादित संख्यांचं एक वेगळं अंकगणित वापरतात, ज्यात बेरीज-गुणाकार कितीही केले तरी उत्तर ठरलेल्या कप्प्यातच राहतं. पार-टू या प्रकारात हा कप्पा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ संख्यांचा असतो.

पार-टू म्हणजे आजचा आपला मुख्य विषय. यूजनेटवर लोक मोठ्या फाइली तुकडे करून टाकायचे आणि त्यातले काही तुकडे वाटेत हरवायचे. प्रत्येक वेळी "सतरावा तुकडा कुणी पुन्हा टाकेल का?" अशी विनवणी. त्या वैतागातून २००१ साली पारचाइव्ह हा प्रकल्प सुरू झाला आणि २००३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, पार-टू, ठरली. वीस वर्षांपेक्षा जुनी गोष्ट आहे. दिसायला काही खास नाही, पण माझ्या मते घरगुती संग्रहासाठी यापेक्षा सोपं काही आजही नाही.

काम असं चालतं. फाइलचे समान आकाराचे ब्लॉक पाडले जातात. काही वेगळं सांगितलं नाही तर साधारण २,०००. प्रत्येक ब्लॉकचा एमडी-फाइव्ह आणि सीआरसी लिहून ठेवला जातो. मग सगळ्या ब्लॉकांवरून वर सांगितल्यासारख्या "बेरजा" काढून दुरुस्तीचे ब्लॉक बनतात. तपासणीच्या वेळी प्रत्येक ब्लॉकचा एमडी-फाइव्ह जुळतो का ते बघितलं जातं. जो जुळत नाही तो बिघडलेला, म्हणजे चहाचा डाग आपोआप दिसला. त्यामुळे पार-टूला तो दोनास एक भाव द्यावा लागत नाही. एक ब्लॉक बिघडला तर दुरुस्तीचा एक ब्लॉक पुरतो, आणि तो कुठलाही चालतो. "सतरावा तुकडाच हवा" ही अट संपली.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. आमच्या सोसायटीची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, खराडीत हे काही नवीन नाही. कमिटीने मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करायचं ठरवलं. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे मंजूर नकाशे, सातबारा, प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू असा गठ्ठा लागतो. मूळ कागदांपैकी एक फाइल कधीतरी बिल्डरच्या ऑफिसात गेली आणि परत आलीच नाही. पण काही वर्षांपूर्वी सगळं स्कॅन करून ठेवलं होतं. तेव्हा "तू आयटीवाला, तूच कर" म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. ३.८ जीबीची एक सेव्हन-झेड फाइल, तिच्या एका प्रतीचा पेनड्राइव्ह खजिनदार काकांच्या कपाटात आणि दुसरी प्रत कमिटीच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप मधल्या काळात दुरुस्तीला गेला आणि दुकानातून फॉरमॅट होऊन आला.

काकांचा फोन आला, "अरे, ते तुझं झिप उघडत नाहीये. व्हायरस शिरला का काय?"

"काका, पेनड्राइव्ह मधे कधी लावला होता का?"

"छे, कशाला? नीट राहावा म्हणून लॉकरमध्येच ठेवला होता."

पेनड्राइव्ह लॉकरमध्ये नीट राहत नाही, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही. फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, आणि वर्षानुवर्षं पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. उष्णतेत जास्तच. पुण्याच्या तीन उन्हाळ्यांत बंद कपाटात काय तापमान होतं कोण जाणे. स्वस्तातल्या पेनड्राइव्हमध्ये हे आणखी लवकर होतं.

फाइल उघडली तेव्हा पहिल्या साठेक स्कॅन निघाल्या आणि पुढे प्रत्येकासमोर डेटा एरर. नकाशे शेवटच्या फोल्डरमध्ये होते. पण त्याच पेनड्राइव्हवर दहा टक्क्यांच्या पार-टू फाइलीही होत्या. तपासणी चालवली तर निकाल असा आला: २,००० पैकी १,९८७ ब्लॉक चांगले, दुरुस्तीचे १९८ ब्लॉक उपलब्ध, दुरुस्ती शक्य. केले होते २००, त्यातले दोन स्वतःच बिघडले होते. पार-टू फाइलीतल्या प्रत्येक भागाचा स्वतःचा एमडी-फाइव्ह असतो, त्यामुळे बिघडलेले दोन बाजूला टाकून उरलेले वापरले गेले. लागले फक्त १३. काही मिनिटांत फाइल मूळ होती तशी, बाइट न् बाइट, उभी राहिली. दुरुस्तीनंतर प्रोग्रॅम स्वतःच पुन्हा तपासतो, म्हणून "झाली असावी" असा प्रकार राहत नाही. काका म्हणाले, "म्हणजे व्हायरस नव्हता." मी पुढे काही बोललो नाही.

आता एक रास्त शंका. एवढं कशाला, तीन प्रती ठेवल्या की झालं ना? प्रती ठेवाच. पार-टू प्रतींच्या जागी नसतं, प्रतींच्या जोडीला असतं. पण नुसत्या प्रतींची एक जुनी अडचण आहे आणि ती मराठी माणसाला नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगितली गेली. पुढची तीनएकशे वर्षं ती हाताने उतरवली जात राहिली आणि पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध केली. आपल्याच शहरात, लॉ कॉलेज रस्त्यावर, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली. काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. एवढी वर्षं का लागली? कारण शेकडो पोथ्या होत्या, पण नुसतं बहुमत घेऊन भागत नाही. एका चुकलेल्या पोथीवरून दहा पोथ्या उतरवल्या असतील तर चुकीचीच मतं दहा होतात. म्हणून विष्णु सीताराम सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोथ्यांची घराणी लावली: कुठली कुठल्या परंपरेतली, आणि कुणाचा पाठ स्वतंत्र.

तुमचा रोज रात्री चालणारा बॅकअप हाच प्रकार करतो. फोटो डिस्कवर गुपचूप बिघडला, रात्री बॅकअपने तो इमानाने उतरवून घेतला, महिन्याभरात जुन्या प्रती पुसल्या गेल्या. आता तीन ठिकाणी तीन सारख्या प्रती आहेत आणि तिन्ही खराब. तीन प्रती वेगवेगळ्या निघाल्या तर? मग तुम्हीच सुखटणकर. चेकसम असेल तर मात्र कुठली प्रत खरी हा वादच उरत नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहायची पद्धत होती. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ असं मोजून एकूण किती झाले ते नोंदवायचं. लेखनिकाचे पैसे त्यावर ठरायचे आणि पोथी अपुरी आहे का हेही कळायचं. तेवढ्यावरून "आपल्या पूर्वजांना चेकसम माहीत होता" असा फॉरवर्ड कृपया बनवू नका. एक अक्षर बदललं तर ग्रंथसंख्या बदलत नाही. पण मजकुराबरोबर त्याचं माप ठेवायचं ही कल्पना तीच.

आता करायचं कसं. विंडोजवर मल्टिपार नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल टाकायची, किती टक्के ते सरकवायचं आणि बटण दाबायचं. लिनक्स आणि मॅकवर पार-टू-कमांडलाइन आहे, त्यात क्रिएट, व्हेरिफाय आणि रिपेअर असे तीनच शब्द लक्षात ठेवायचे. तयार झालेल्या फाइलींच्या नावात "व्हॉल" आणि अधिक चिन्हाच्या पुढे-मागे आकडे दिसतील. अधिकच्या आधीचा आकडा म्हणजे ब्लॉक कितव्यापासून, नंतरचा म्हणजे त्या फाइलीत किती. विनरार वापरत असाल तर त्यातला रिकव्हरी रेकॉर्डही याच कामाचा आहे, फक्त तो आरएआर फाइलींपुरताच.

टक्केवारीपेक्षा लोक ब्लॉकच्या आकाराकडे दुर्लक्ष करतात आणि तिथे फसतात. आमच्या फाइलीत एक ब्लॉक साधारण १.९ एमबीचा होता. त्यातला एक बिट बदलला तरी पूर्ण ब्लॉक बाद. आमचा बिघाड काही जागी एकवटलेला होता म्हणून १३ वर भागलं. तेच ३०० सुटे बिट फाइलभर विखरून बदलले असते तर जवळपास ३०० ब्लॉक बाद झाले असते आणि आमच्याकडे २०० होते. खराब झालेला डेटा एक केबी भरला नसता, तरी दुरुस्ती अशक्य! म्हणून जास्त आणि लहान ब्लॉक पाडा. पार-टूची कमाल मर्यादा ३२,७६८ आहे. जास्त ब्लॉक म्हणजे जास्त वेळ, पण हे काम एकदाच करायचंय. रात्री लावून झोपा. कपाटात जाणाऱ्या वस्तूसाठी मी दहा टक्के ठेवतो. एकच प्रत असेल तर वीस.

काही गोष्टी पार-टू करत नाही. पेनड्राइव्ह हरवला, पूर्ण डिस्क मेली किंवा रॅन्समवेअरने सगळंच कुलूपबंद केलं, तर दहा टक्क्यांवरून शंभर टक्के उभे राहत नाहीत. ज्या फाइलीत तुम्ही रोज बदल करता तिच्यासाठीही हे नाही. तुमचा बदल त्याला बिघाडच वाटणार, आणि रिपेअर दाबलंत तर तो इमानाने जुनी फाइल परत आणून ठेवेल. आणि आधीच खराब झालेल्या फाइलीवर पार-टू केलंत तर तो खराबीच जपणार, म्हणून आधी उघडून बघा. फार क्वचित असंही होऊ शकतं की पुरेसे ब्लॉक असूनही समीकरणं सुटत नाहीत. ज्या लेखावरून हे गणित घेतलं होतं, त्या जेम्स प्लँक यांच्या १९९७ च्या लेखातच एक चूक होती आणि त्यांनी स्वतः २००३ मध्ये दुरुस्ती काढली. पार-वनला ती भोवली. पार-टूमध्ये धोका खूप कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. दुरुस्तीचे एक-दोन ब्लॉक जास्त असले की सहसा प्रश्न येत नाही.

शेवटचं, आणि सोसायटीच्या कागदांसाठी महत्त्वाचं. पार-टू छेडछाडीपासून वाचवत नाही. कुणी मुद्दाम फाइल बदलली आणि नवं पार-टू बनवून ठेवलं, तर तपासणीत सगळं उत्तम दिसेल. त्यासाठी फाइलीचा शा-२५६ काढून अशा ठिकाणी ठेवायचा जिथे मागाहून बदलता येणार नाही. आमच्याकडे ती ६४ अक्षरं आता वार्षिक सभेच्या इतिवृत्तात आहेत, कागदावर, अध्यक्षांच्या सहीच्या वर. "हे काय लिहिलंय?" असं सभेत दोघांनी विचारलं, पण ठराव झाला. तीन प्रती वेगवेगळ्या तिघांकडे असतात, आणि दर सप्टेंबरात, वार्षिक सभेच्या आधी, तिन्हींवर व्हेरिफाय चालवायचं असं ठरलंय. एका प्रतीला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

पुढच्या भागात झेडएफएससारख्या फाइल सिस्टिमबद्दल बोलू, ज्या हे चेकसमचं काम स्वतःच, न सांगता करत असतात. तोवर तुमच्याकडचा एखादा जुना पेनड्राइव्ह काढून बघा, आणि तो उघडला का ते मला कळवा.